वाईच्या वाड्याचे दरवाजे आणि चार युरोपीय यंत्रे : कामाच्या नोंदी

३ जून २०२४

वाईतील एका जुन्या वाड्याची दुरुस्ती सुरू असून त्याचे आठ दुपाखी दरवाजे आणि बारा खिडक्या नव्याने करून देण्याचे काम आज आमच्याकडे निश्चित झाले. वास्तुरचनाकारांच्या अटी तीन आहेत. लाकूड शक्यतो वाड्यातूनच उतरवलेल्या सागवानी तुळयांचे असावे, दरवाजांचे सांधे जुन्याप्रमाणे आरपार कुसूचे (कुसू म्हणजे एका पट्टीच्या टोकाची, दुसरीच्या खाचेत बसणारी जीभ) व लाकडी खुंटीचे असावेत, आणि कोठेही लोखंडी कोपरपट्ट्या लावू नयेत. एकेकाळी हे सारे काम हातकरवत, रंधा आणि पटाशीने झाले होते. आज ते त्याच पद्धतीने करायचे ठरवले तर मालकाला परवडणार नाही आणि आम्हालाही पोसवणार नाही.

आमचा कारखाना म्हणजे खेड शिवापूरच्या बाजूची एक शेड, दोन मिस्त्री, एक शिकाऊ मुलगा आणि मी. युरोपीय यंत्रे चार असून चारही वापरलेली घेतलेली आहेत. सरकत्या टेबलाची करवत अल्टेंडॉर्फ कंपनीची एफ ४५ आहे, रंधा व थिकनेसर (लाकूड एकसारख्या जाडीचे करणारे यंत्र) मिळून एकच ४१० मिलिमीटर रुंदीचे यंत्र एससीएमच्या मिनिमॅक्स मालिकेतले आहे, स्पिंडल मोल्डर (उभ्या दांड्यावर कटर फिरवून लाकडाला आकार देणारे यंत्र) ऑस्ट्रियातील फेल्डरचा आहे आणि ६०० मिलिमीटर चाकाची बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या अखंड पट्टीपात्याची करवत, इटालियन आहे. या कंपन्या मुळात लहान सुतारकामाच्या दुकानांसाठी यंत्रे करत मोठ्या झाल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. विल्हेल्म अल्टेंडॉर्फ यांनी १९०६ मध्ये बर्लिनमध्ये सरकत्या टेबलाची करवत बनवली, रिमिनीच्या एससीएमचे १९५२ मधले पहिले यंत्र एकत्रित कामाचे होते, आणि फेल्डरची सुरुवात १९५६ मध्ये टिरोल प्रांतातील हॉल या गावी झाली. दोन-तीन माणसांनी दिवसभरात दहा प्रकारची कामे करावीत, हे गृहीत धरूनच ही यंत्रे घडली. त्यामुळे आमच्यासारख्या शेडमध्ये ती उपरी वाटत नाहीत. मात्र ती चालवण्याची एक रीत त्यांच्याबरोबर येते आणि ती रीत बाजूला ठेवली की हाती केवळ महागडे बिडाचे टेबल उरते. विक्रेत्याच्या पत्रकात ही रीत सापडत नाही, म्हणून या नोंदी.

८ जून २०२४

तुळया आल्या. बहुतेकांचा छेद साधारण १५० गुणिले २०० मिलिमीटर असून टोकांना वाळवी लागलेली आहे, पण आतले लाकूड गच्च आणि गडद आहे. ताज्या छेदावर ओलावामापक ११ ते १२ टक्के दाखवतो. बाजारातून आणलेला नवा साग याच शेडमध्ये १६ टक्क्यांच्या खाली उतरत नाही, त्या मानाने ही परिस्थिती फारच चांगली म्हणावी लागेल. अडचण खिळ्यांची आहे. पिढ्यान्पिढ्या ठोकलेले खिळे, कड्या, पाळण्याचे आकडे आणि विजेच्या जुन्या वायरिंगच्या क्लिपा लाकडात रुतून बसल्या आहेत. हातातल्या धातुशोधकाने प्रत्येक तुळई चारही बाजूंनी तपासून खडूने खुणा केल्या, लोखंडी ब्रशने माती काढली आणि मगच पहिला उभा, म्हणजे लांबीच्या दिशेचा, छेद घेतला.

हा पहिला छेद आम्ही सरकत्या टेबलाच्या करवतीवर घेत नाही, तो बँडसॉवरच घेतो. बँडसॉचे पाते खिळ्यावर गेले तर एक स्वस्त पट्टी बदलावी लागते. कार्बाइड दातांचे गोल पाते गेले तर दात उडतात आणि ते नेमके कोठे उडतील याचा भरवसा नसतो. शिवाय बँडसॉ भुशात कमी लाकूड घालवते, आणि जुन्या लाकडात कोंडलेला ताण मोकळा होऊन पट्टी वाकली तरी पाते जखडून ती माणसाच्या अंगावर येत नाही. प्रत्येक पट्टी पक्क्या मापापेक्षा ६ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद ठेवून, मध्ये काड्या घालून रचून ठेवली. आता निदान दोन आठवडे तिला हात लावायचा नाही.

१४ जून २०२४

पट्ट्या स्थिरावत आहेत तोवर करवतीचा काटकोन तपासला. हे काम प्रत्येक मोठ्या कामाआधी आणि यंत्र जागेवरून हलवल्यास प्रत्येक वेळी करावयाचे आहे. टेबलावरचा डिजिटल आकडा कितीही सुबक दिसला तरी तो केवळ अंतर सांगतो, कोनाबद्दल त्याला काही ठाऊक नसते. आणि दुकानातला गुण्या लावून पाहिला तर डोळ्याला जे दिसत नाही ते तसेच राहून जाते.

पद्धत अशी. सुमारे ७०० मिलिमीटर चौरस एमडीएफचा तुकडा घ्यायचा. त्याची एक बाजू कापायची, कापलेली बाजू फेन्सला (लाकूड टेकवून धरायच्या सरळ आधाराला) लावून पुढची कापायची, अशा चारही बाजू क्रमाने कापल्यावर पहिल्या बाजूवरून पुन्हा एक अरुंद पट्टी काढायची आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजायची. फेन्समधली चूक प्रत्येक छेदात भर घालत जाते, त्यामुळे पाचव्या पट्टीत ती चौपट होऊन समोर येते. आजच्या पट्टीची टोके २१.४२ आणि २१.१८ मिलिमीटर भरली. फरक ०.२४, त्याला चारने भागले की ०.०६, म्हणजे ७०० मिलिमीटर लांबीत ०.०६ मिलिमीटर. ११० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या टोकाशी ही चूक मोजताही येणार नाही. परंतु दरवाजाचे पान रुंद असते, एका पानात आडव्या पट्ट्या चार असतात आणि प्रत्येक सांध्यातली चूक एकाच दिशेची असते; म्हणून फेन्सच्या टोकाचा स्क्रू किंचित फिरवून पुन्हा पाच छेद घेतले. आता फरक ०.०५ आला, म्हणजे मूळ चूक साधारण शतांश मिलिमीटर. याच्या पुढे जाणे हा लाकडाच्या बाबतीत हट्ट झाला असता, कारण एमडीएफसुद्धा पावसाळी हवेत त्याहून जास्त हालते.

त्याच बैठकीत सरकते टेबल आणि पाते यांची समांतरता डायल गेजने (शतांश मिलिमीटर दाखवणाऱ्या घड्याळी मापकाने) पाहिली. पात्याच्या एकाच दातावर खूण करून तो दात आधी पुढे आणि मग फिरवून मागे आणून मोजायचा असतो. नाहीतर पात्यातला वाक आपण टेबलाच्या माथी मारतो. मागच्या बाजूला ०.०८ मिलिमीटर मोकळीक मिळाली आणि ती तशीच ठेवली. पाते अगदी समांतर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण मागचे वर उठणारे दात ताज्या छेदाला पुन्हा घासू नयेत यासाठी एवढी मोकळीक लागतेच.

१९ जून २०२४

मोठे मिस्त्री या यंत्रावर नवे आहेत. आधीच्या ठिकाणी त्यांनी देशी टेबल करवतीवर अनेक वर्षे काम केले आणि तिथे पात्यामागची उभी पोलादी पट्टी, जिला सगळे रायव्हिंग नाइफ म्हणतात, पहिल्याच दिवशी काढून खिडकीत ठेवण्याची पद्धत होती. त्यांचे म्हणणे असे की तिच्यामुळे काम अडते. त्यांचे म्हणणे खोटे नाही; पट्टी चुकीच्या जाडीची असेल किंवा पात्याबरोबर वर-खाली होत नसेल तर लाकूड तिच्यावर अडकणारच. म्हणून वाद घालण्याऐवजी मापे दाखवली. आमच्या उभ्या छेदाच्या पात्याचे अंग २.२ आणि दातांची रुंदी ३.२ मिलिमीटर आहे, त्यामुळे पट्टी अंगापेक्षा जाड आणि छेदापेक्षा बारीक, म्हणजे २.५ मिलिमीटरची हवी. दातांच्या टोकापासून तिचे अंतर ३ ते ८ मिलिमीटर असावे. एवढे जुळले की ती लाकडाला लागतही नाही. छेद मागे मिटू लागला तरच ती मध्ये येते आणि मागच्या चढत्या दातांनी लाकूड उचलून फेकण्याचा प्रसंग टळतो.

दुसरी सवय फेन्सची. लांबीच्या दिशेने सागाची पट्टी फाडताना फेन्स मागपर्यंत नेली तर फाकणारी पट्टी पाते आणि फेन्स यांच्यामध्ये पाचरीसारखी अडकते. युरोपीय करवतींची फेन्स पुढे-मागे सरकते ती याचसाठी. भरीव लाकूड फाडताना तिचे टोक पात्याच्या मध्याच्या आसपास येईल इतकी ती मागे ओढून घ्यायची, म्हणजे छेद झालेल्या लाकडाला बाजूला सरकायला जागा राहते. प्लायवूड किंवा लॅमिनेटचा बोर्ड कापताना मात्र ती पूर्ण लांब ठेवायची, कारण तिथे अंतर्गत ताणाचा प्रश्न नसतो. मिस्त्रींनी वाकडी निघणारी एक पट्टी मुद्दाम निवडून दोन्ही पद्धतींनी फाडून पाहिली आणि मग शिकाऊ मुलाला त्यांनीच समजावले. माझ्या भाषणापेक्षा ते अधिक उपयोगी पडले.

पात्याबद्दल एक हिशेब भिंतीवर लिहून ठेवला आहे. ३०० मिलिमीटरचे पाते मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर होतो. २८ दातांच्या पात्यात लाकूड मिनिटाला १२ मीटर वेगाने सरकवले तर प्रत्येक दात साधारण ०.१ मिलिमीटरचा तुकडा काढतो. तेच ७२ दातांच्या पात्यात ०.०४ वर येते. दात कापण्याऐवजी घासू लागतो आणि सागावर काळा डाग पडतो. डाग दिसला की सगळे धारेला दोष देतात. पुष्कळदा पातेच चुकीचे लावलेले असते.

२७ जून २०२४

पट्ट्या रंध्यावर घेतल्या. एक बाजू सपाट, तिला काटकोनात दुसरी, मग थिकनेसरमधून जाडी, हा क्रम सर्वज्ञात आहे. आमच्या यंत्राला टर्सा पद्धतीचा गोल कटर आहे. त्यात दुधारी पाती बाजूने सरकवून बसवतात आणि कटर फिरू लागला की केंद्रोत्सारी बलाने पाचर घट्ट होऊन पाते आपोआप जागेवर पक्के होते. स्क्रू कसून, काचेचा तुकडा ठेवून उंची जुळवण्यात पूर्वी जो अर्धा दिवस जात असे तो आता काही मिनिटांत आटोपतो. अट एकच, पात्याच्या बैठकीत राळ किंवा भुसा राहता कामा नये. प्रत्येक बदलाला बैठक ब्रशने साफ करून कोरड्या फडक्याने पुसायची.

सागामध्ये सिलिका असते आणि ती साध्या हायस्पीड पोलादाची धार लवकर खाते. जुन्या तुळयांमध्ये वरून शिरलेली मातीही आहे. त्यामुळे पहिल्या फेरीसाठी कार्बाइडची पाती लावली आणि शेवटच्या हलक्या फेरीसाठी नवी हायस्पीड पाती ठेवली, कारण ताज्या पोलादी धारेने सागाचा पृष्ठभाग अधिक स्वच्छ निघतो असा आमचा अनुभव आहे. पृष्ठभागाचा हिशेबही मनोरंजक आहे. कटर मिनिटाला ५००० फेऱ्या आणि लाकूड ६ मीटर वेगाने चालले तर एका फेरीत ते १.२ मिलिमीटर पुढे सरकते. चारही पाती तंतोतंत सारख्या उंचीवर असतील तर लाटांमधले अंतर ०.३ मिलिमीटर येते आणि दिसत नाही. एकच पाते केसभर वर असेल तर बाकीच्या तिघांचे काम ते पुसून टाकते आणि १.२ मिलिमीटरच्या लाटा उरतात. या लाटा कारखान्यात दिसत नाहीत. तेल लावून दरवाजा उन्हाच्या तिरक्या कवडशात उभा केला की मालकाला मात्र पहिल्यांदा त्याच दिसतात.

कटरवरचे पुलासारखे आवरण आम्ही काढत नाही. रुंद बाजू घेताना ते लाकडाच्या जाडीइतके वर उचलायचे आणि हात त्याच्यावरून पलीकडे न्यायचे. कड घेताना ते फेन्सच्या दिशेने सरकवायचे. शिकाऊ मुलगा हीच रीत पहिल्यापासून शिकला, म्हणून उघड्या कटरवर हात नेण्याची सवयच त्याला लागलेली नाही.

४ जुलै २०२४

धूळ. सागाच्या बारीक भुशाने धाकट्या मिस्त्रींच्या मनगटावर पुरळ येते आणि दुपारनंतर सगळ्यांचे नाक चोंदते. हा नुसता त्रास म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. युरोपीय संघात कामाच्या जागेवरील कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा जानेवारी २०२३ पासून घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे. यंत्रांची रचना याच कायद्यांच्या दबावाखाली बदलत गेली आहे, म्हणून प्रत्येक यंत्राला धूळ ओढण्याचे तोंड मुळातच दिलेले असते. आपल्याकडे ते तोंड पुष्कळदा बोळा कोंबून बंद केलेले दिसते.

नळीत हवेचा वेग सेकंदाला २० मीटर राहिला तरच ढलप्या आणि भुसा वाटेत साचत नाही. १२० मिलिमीटरच्या नळीसाठी याचा अर्थ तासाला सुमारे ८१४ घनमीटर हवा. आमचा पिशवीचा संग्राहक एका वेळी एकाच यंत्राला पुरतो, म्हणून प्रत्येक शाखेला सरकती झडप बसवली आणि जे यंत्र चालू त्याचीच झडप उघडी, असा नियम केला. पन्हाळीसारखी लोंबणारी लवचीक नळी काढून शक्य तिथे गुळगुळीत पत्र्याची नळी घातली, कारण लवचीक नळीच्या वळ्यांमध्ये वेग फार मरतो. करवतीच्या वरच्या आवरणालाही वेगळी नळी जोडली. टेबलाखालून कितीही ओढले तरी वरच्या दातांनी उडवलेली धूळ थेट तोंडाच्या उंचीवर येते आणि तिच्यासाठी दुसरा उपाय नाही.

११ जुलै २०२४

विजेची तपासणी. यंत्रांवरच्या पाट्या ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ सांगतात आणि आपला तीन फेजचा पुरवठा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो, त्यामुळे मोटरी बदलाव्या लागत नाहीत. खरी भीती एक फेज जाण्याची. पावसात ते वारंवार घडते, म्हणून प्रत्येक यंत्राच्या आधी फेज तुटल्यास बंद करणारा रिले आहे. करवतीचा ब्रेक घड्याळ लावून पाहिला. बटण दाबल्यापासून पाते दहा सेकंदांच्या आत थांबले पाहिजे आणि ते थांबते.

१८ जुलै २०२४

बिडाच्या टेबलांवर गंज चढू लागला आहे. सकाळी बारीक घासणीने आणि रॉकेलने पुसून मेण लावले. सिलिकॉनचा फवारा शेडमध्ये आणू दिलेला नाही, कारण तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश त्या जागी धरत नाही. रात्री टेबलांवर प्लास्टिक टाकत नाही. त्याच्याखाली दव धरते. जुनी सुती चादर बरी.

२४ जुलै २०२४

आजपासून कुसू. मोठ्या कामाचा हा गाभा आहे आणि स्पिंडल मोल्डर हे या शेडमधले सर्वांत उपयोगी, तसेच सर्वांत धोकादायक यंत्र आहे, असे माझे मत आहे. त्याच्या दांड्यावर २५० मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या मध्ये १२ मिलिमीटरची कडी घालून चढवल्या की आडव्या पट्टीचे टोक एका फेरीत दोन्ही बाजूंनी कापले जाऊन मध्ये १२ मिलिमीटरचा कुसू उरतो. हाताने हेच काम चार छेदांचे आहे आणि प्रत्येक कुसूची जाडी वेगळी येते. इथे जाडी कडी ठरवते, त्यामुळे पहिला आणि शेवटचा कुसू एकाच खाचेत सारखा बसतो.

वेगाचा नियम पाळावाच लागतो. हाताने सरकवायच्या कामात धारेचा वेग सेकंदाला ४० ते ७० मीटरच्या दरम्यान असावा. त्याखाली लाकूड मागे फेकले जाण्याची शक्यता वाढते आणि त्यावर आवाज व हत्यारावरचा ताण. २५० मिलिमीटरच्या चकतीला ३५०० फेऱ्यांवर सुमारे ४६ मीटर मिळतात. हाच पट्टा चुकून ७००० वर राहिला तर वेग ९० च्या पुढे जाईल, म्हणून चकती चढवण्याआधी पट्टा कोणत्या पुलीवर आहे हे मोठ्याने बोलून दुसऱ्याला ऐकवायचे असा प्रघात ठेवला आहे. हत्यारे विकत घेताना त्यावर एमएएन ही खूण कोरलेली आहे की नाही हे पाहतो. हाताने सरकवण्यासाठी योग्य असा तिचा अर्थ असून अशा हत्यारात पाते त्याच्या पुढच्या रोधकापेक्षा १.१ मिलिमीटरहून अधिक बाहेर येत नाही. त्यामुळे लाकूड जोरात ढकलले तरी दात एका वेळी त्याहून मोठा घास घेऊ शकत नाही. स्थानिक लेथवर बनवून घेतलेले, दोन पाती स्क्रूने कसलेले चौकोनी कटर अजूनही बाजारात मिळतात. ते स्वस्त आहेत आणि आमच्या शेडमध्ये येत नाहीत.

पट्टीच्या मागे दरवेळी वाया लाकडाचा आधार लावला, कारण चकती बाहेर पडताना सागाची कड उचकटून नेते. सरकत्या टेबलावरच्या पकडीने पट्टी जखडली की दोन्ही हात चकतीपासून दूर राहतात.

२ ऑगस्ट २०२४

कुसू झाले, खाचांचा निर्णय बाकी होता. रंध्याच्याच दांड्याच्या टोकाला लांबट खाच पाडण्याचे टेबल आमच्याकडे आहे. त्यात १२ मिलिमीटरचे बिट आडवे फिरते आणि लाकूड दोन दांड्यांनी पुढे-मागे, उजवीकडे-डावीकडे सरकवून खाच तयार होते. युरोपातली लहान दुकाने या खाचांमध्ये दोन्हीकडून सुटा कुसू सरसात बसवून काम संपवतात. पद्धत जलद आणि मजबूत आहे, पण तिच्या खाचेची टोके गोल असतात आणि ती आरपार जात नाही. वाड्याच्या दरवाजात कुसूचे टोक उभ्या पट्टीच्या बाहेरच्या कडेवर चौकोनी दिसले पाहिजे, आणि ते दिसणे हा केवळ सजावटीचा भाग नव्हे. सरस सुटला तरी खुंटीने धरलेला आरपार कुसू दरवाजा उभा ठेवतो आणि पन्नास वर्षांनी कोणाला तो सोडवायचा झाला तर खुंटी ठोकून सोडवता येतो.

म्हणून कामाची वाटणी केली. दरवाजांच्या खाचा चौकोनी छिन्नीच्या देशी यंत्रावर दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या पाडल्या आणि मध्ये हातपटाशीने साफ केल्या. खिडक्यांना सुटा कुसू चालेल असे वास्तुरचनाकारांनी मान्य केले, कारण त्यांची पाने हलकी आहेत आणि सांधे चौकटीत झाकले जातात. युरोपीय यंत्र घेतले म्हणून सांधाही युरोपीय करावा, असे काही नाही.

खुंटीचे भोक कुसूमध्ये दीड मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवून पाडले, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा स्वतःच घट्ट ओढला जातो.

१३ ऑगस्ट २०२४

पॅनेलसाठी पट्ट्यांमध्ये १० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर खोल चर पाडला. लांब सरळ काम असल्याने स्पिंडलवर पॉवर फीडर चढवला; त्याची रबरी चाके लाकूड एकसारख्या वेगाने ओढतात आणि हात दूर राहतात. फीडर फेन्सकडे अगदी थोडा तिरपा ठेवायचा, तो समांतर असला तर पट्टी मध्येच फेन्स सोडते आणि चरात पायरी दिसते.

पॅनेल चरात सरस न लावता मोकळे बसेल. सागाचे हिरव्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंतचे आकुंचन वलयांच्या दिशेने पाच टक्क्यांच्या थोडे वर आणि त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्मे असते. ४०० मिलिमीटर रुंदीच्या पॅनेलचा ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर ते जास्तीत जास्त तीन मिलिमीटरच्या आसपास हलेल. आता, भर पावसात, पॅनेल फुगलेल्या अवस्थेत आहे, म्हणून चरात थोडीशीच जागा सोडली; हेच काम मार्चमध्ये केले असते तर पूर्ण तीन मिलिमीटर सोडावे लागले असते.

२१ ऑगस्ट २०२४

खिडक्या वेगाने पुढे गेल्या. मध्ये दोन दिवस एका जुन्या ग्राहकाच्या स्वयंपाकघराचे लॅमिनेट लावलेले बोर्ड कापून दिले. त्यासाठी करवतीची पुढची लहान, १२० मिलिमीटरची स्कोअरिंग चकती खाली-वर करून मुख्य पात्याच्या छेदाशी जुळवली. ती उलट दिशेने फिरत खालच्या थराला आधीच दीड मिलिमीटर चीर देते आणि लॅमिनेट उडत नाही. सागावर तिचा काही उपयोग नाही, त्यामुळे एरवी ती टेबलाखालीच असते.

एका व्यावसायिक मित्राने शेड पाहून विचारले की पाच कामांचे एकच यंत्र का घेतले नाही. बेल्जियमच्या रोब्लँडची आणि फेल्डरची अशी यंत्रे प्रसिद्ध आहेत आणि लहान जागेत एकटा कारागीर असेल तर ती उत्तमच. आमच्याकडे तीन माणसे एकाच वेळी काम करतात. एकजण फाडत असताना दुसऱ्याने रंध्यासाठी थांबावे लागले तर यंत्राची वाचलेली किंमत पगारात जाते. शिवाय स्पिंडलवर तासभर जुळवलेली मांडणी मोडून एक फळी कापायची वेळ आली की माणूस जुळवणीशी तडजोड करू लागतो. जागा कमी असेल तर मी निदान रंधा-थिकनेसर एकत्र ठेवून करवत वेगळी घ्यावी असे सुचवेन.

३ सप्टेंबर २०२४

गणपतीची सुट्टी लागण्याआधी आठही दरवाजे सरस न लावता जोडून पाहिले. कर्ण मोजले, सर्वांत मोठ्या पानात दोन कर्णांमधला फरक एक मिलिमीटरच्या आत आहे. दोन पानांना किंचित पीळ आहे आणि त्याचे कारण यंत्रांत नाही. त्या उभ्या पट्ट्या तुळईच्या गाभ्याजवळच्या आहेत. त्या दोन पट्ट्या बदलल्या. सरस आणि खुंट्या सुट्टीनंतर लावल्या तर पाने उघड्यावर आठवडाभर पडून राहतील, म्हणून सहा दरवाजे याच आठवड्यात पक्के केले.

२० सप्टेंबर २०२४

वाईला खिडक्या बसल्या. वाड्याच्या चौकटी ओळंब्यात नाहीत, कोणतीच नाही, त्यामुळे कारखान्यात शतांश मिलिमीटरने काटकोनात कापलेली पाने इथे हातरंध्याने कडेला दोन-दोन मिलिमीटर तिरपी करावी लागली. हे अपेक्षितच होते आणि रुंदीत तेवढी जागा ठेवली होती. सांधे काटकोनात असले की कड कितीही तासली तरी पान मोडकळीला येत नाही. सांध्यातच चूक असती तर तासायला काही उरले नसते.

दिंडी दरवाजाच्या दोन पानांतल्या खुंट्यांची टोके मुद्दाम अर्धा इंच बाहेर ठेवली आहेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या आणखी आत ठोकून मग तासायच्या आहेत. उभ्या छेदाचे २८ दातांचे पाते धारेला पाठवले, टर्साची हायस्पीड पाती उलटून दुसरी धार पुढे घेतली, आणि पुढच्या कामाआधी करवतीवर पाच छेद पुन्हा घ्यायचे आहेत, कारण विद्युतकाम करणाऱ्यांनी नवी वायर ओढताना यंत्र जरासे सरकवले आहे.